अजितला न सापडलेलं वाय-फाय

अजितचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. चिंचपोकळीला आमच्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथले सहा जुने लॅपटॉप बारा वर्षं मी सांभाळले. पोरं मला 'बुधाजी सर' म्हणायची. मग हा आला, म्हणाला विंडोज आता झेपत नाही, आणि सगळ्यांवर लिनक्स चढवलं. लॅपटॉप भराभर सुरू व्हायला लागले आणि मी नुसता 'काका' झालो.

कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. दिवसभर शिवडीच्या गोदामात पेट्या मोजतो, तिथून थेट अभ्यासिकेत. रोज न चुकता 'जय भीम, काका' म्हणतो, म्हणजे भांडायलाही जागा नाही. कोणाचं काही अडलं की अजितदादा. माझी बायको कांतासुद्धा मोबाइल बिघडला की त्याच्याकडे जाते. घरात मी असताना!

म्हणून लिनक्सला वाय-फाय सापडेना तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अभ्यासिकेतल्या सीमाची क्लार्कची परीक्षा रविवारी होती, तीही कॉम्प्युटरवर. तिने अशी परीक्षा कधी दिली नव्हती. सराव इंटरनेटवरच करायचा आणि तो मोबाइलवर चालत नव्हता. आत काय काय जोडलंय, ते अजितने लिनक्सला विचारलं. यादी आली. त्यात कॅमेरा होता, स्पीकर होता, वाय-फाय नव्हतं.

"अरे, खोलून बघितलं ना मी! वाय-फायचं कार्ड आत बसलंय," तो स्क्रीनवर खेकसला. "आणि हे येडं म्हणतं, नाहीच. डोळे फुटले काय याचे?"

बुधवारी त्याने ड्रायव्हर बदलले, गुरुवारी लिनक्सच दुसरं टाकलं. यादी तीच.

मला गुरुवारीच आठवलं होतं. पूर्वी पोरं अभ्यास सोडून क्रिकेट बघायची, म्हणून लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन मीच सगळ्यांचं वाय-फाय बंद केलं होतं आणि वर पासवर्ड घातला होता; तेव्हापासून लॅपटॉपवर इंटरनेट कोणाला लागलंच नव्हतं. तिथेच बंद केलेलं कार्ड लिनक्सला दिसणार कुठून? मी पेपर वाचत बसलो. होऊ दे जरा फजिती, म्हटलं.

शुक्रवारी सीमा वहीत परीक्षेची स्क्रीन काढून बसली होती. एका कोपऱ्यात घड्याळ, खाली 'पुढचा प्रश्न'. त्या चौकटीवर पेन्सिल टेकवायची, ओठांत काहीतरी मोजायची, पुन्हा टेकवायची. मला माझीच लाज वाटली.

"सरक रे," मी अजितला म्हटलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला, पासवर्ड टाकला, एक सेटिंग बदललं. यादीत वाय-फाय आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"पण काका, पासवर्ड तुम्हाला कसा माहीत?" सीमाने विचारलं.

अजित माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं.

"अगं, बारा वर्षं सांभाळलेत त्यांनी. त्यांना नाही तर कोणाला माहीत असणार?" तो म्हणाला. "तू टेस्ट सुरू कर. बाकीचे पाच सर करतायत."

सर म्हणाला मला. मी मान खाली घालून दुसरा लॅपटॉप ओढला. आता तर त्याचा जास्तच हेवा वाटतो.