बोटांना कळेल अशी टेकडी

त्या आठवड्यात काका कुठेही गेले की आधी खिशातून सैनिक काढायचे. शिशाचा, अंगठ्याच्या पेराएवढा, ताठ उभा. सकाळी ताटलीतल्या पावाशेजारी त्याला उभं करून एक डोळा बारीक करायचे. पावाची कड त्याच्या छातीला लागली की नापसंतीने मान हलवून तो पुन्हा खिशात.

"त्यालाही चहा ओतू का?" काकूने विचारलं.

"नको, तो ड्युटीवर आहे."

"तो आहे. तुम्ही कधी जाणार?"

काका लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात असतात. कधी तळाच्या खड्ड्यात, कधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. घरी येताना त्यांच्या पिशवीत पान्यांच्या जोडीला लोकांनी टाकून दिलेलं काहीतरी असतंच. फुटकी कौलं, बुचं, एखाद्या खोक्यातला थर्माकोल. आम्हाला कचरा दिसतो तिथे त्यांना पडकी घरं आणि घाट दिसतात.

सगळं टेबलावरच्या युद्धासाठी. दोन सैन्यं, दोन खेळाडू, फासे आणि अंतर मोजायची एक पट्टी. या खेळाला बुद्धिबळासारखा पट नसतो. जमीन दर वेळी नवी मांडावी लागते. टेकडी कुठे, ओढा कुठे, जंगल किती दाट, यावर सगळी लढाई. काका आणि त्यांचा मित्र यांच्यात त्याचा एक पक्का नियम होता: एकाने मैदान मांडायचं, दुसऱ्याने बाजू निवडायची. घरात दोन भावंडांना एकच पाव द्यायचा तर आई करते तसं. एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. म्हणजे कापणारा आपोआप शहाणा होतो.

मित्र म्हणजे ड्रायव्हर. जन्मभर बस चालवली, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात, त्याची बायको होती तेव्हा तीसुद्धा. निवृत्त झाला आणि काचबिंदूने हळूहळू दोन्ही डोळे नेले. शेवटचा आला तेव्हा त्याच्या बाहीने अख्खी पलटण आणि काकांनी महिनाभर रंगवलेली गढी खाली गेली. तो मोठ्याने हसला, "भूकंप!" म्हणाला, आणि त्यानंतर आलाच नाही.

काका त्याच्या घरी जाऊन बसले, तर म्हणाला, "क्रिकेट रेडिओवर ऐकतोच आहे. आता युद्धही तुझ्या तोंडून ऐकू? तू सांगणार, मी मुंडी हलवणार. ह्याला खेळ म्हणतात होय?"

"एकदा ये. रविवारी. एक शब्द सांगणार नाही."

"एकदाच. आणि काय कुठे आहे हे तुला सांगावं लागलं, तर परत बोलावू नकोस. मला वाईट वाटायचं नाही. तू मात्र वाईट वाटून घेऊ नकोस."

काका घरी आले ते सरळ माळ्यावर चढले. वर खोकी होती, कित्येक वर्षांची कमाई. तारेची झाडं, कौलारू घरं, निळ्या रंगावर वार्निश मारलेली नदी. काकांनी डोळे मिटले आणि एकेक वस्तू चाचपली. नदी निळी होती म्हणून नदी होती. बोटांना ती नुसती पुठ्ठ्याची पट्टी लागली. झाडांना हात लागताच ती आडवी झाली.

तेव्हापासून त्यांना स्वस्थता नव्हती. जेवताना उठायचे. टीव्ही लावायचे आणि त्याकडे पाठ करून सोफ्याचं कापड बोटांनी घासत बसायचे. बाथरूममधला टाच घासायचा दगड नाहीसा झाला, मग दारातलं काथ्याचं पायपुसणं.

"आता पाय कशाला पुसायचे?" काकूने विचारलं.

"नांगरलेलं शेत आहे ते. त्यात पाय देऊ नका कुणी."

हार्डवेअरच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. ते काउंटरवर डोळे मिटून उभे, हात पॉलिश पेपरच्या गठ्ठ्यावर. दुकानदार घाबरला.

"चक्कर येतेय का? खुर्ची देऊ?"

"छे. हा रस्ता झाला. आता जंगल दाखवा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायच्या हिरव्या घासण्यांकडे बोट दाखवलं. त्या दाट असतात, बोट आत शिरत नाही, हे काकांनीच मला वाटेत सांगितलं होतं.

ओढ्यासाठी गुळगुळीत रेक्झिन मिळालं. झाडांच्या बुडाला त्यांनी जड नट चिकटवले, म्हणजे हात लागला तरी डुलून जागेवर येतील. सैनिकांच्या पायाखाली वायसर. अडलं ते टेकडीपाशी. थर्माकोल कापून थर केले आणि घाईघाईत कामावरचं रबर चिकटवायचं सोल्यूशन लावलं. सोल्यूशन थर्माकोल खातं हे त्यांना ठाऊक होतं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर रागावले असते. शनिवारी सकाळी पाहतात तर टेकडीच्या जागी खळगा.

"तळं म्हणून ठेवा," काकू म्हणाली.

काका हसले नाहीत. चप्पल अडकवून बाहेर पडले, पिशवीसुद्धा न घेता. दुपारी परतले ते खांद्यावर जाड रबराची गुंडाळी टाकून. एका इमारतीत लिफ्टची जमीन बदलली होती, जुनी जिन्याखाली पडून होती. तिच्यावर बारीक गोल उंचवटे होते. थरावर थर चढवले की पायऱ्यापायऱ्यांची टेकडी. बोट लावताच चढ कळतो, आणि सैनिक तिच्यावर घसरत नाही.

संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. मग ड्रायव्हर नेहमी बसतो त्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि हात पुढे केले. ज्या वस्तूपर्यंत हात पोचला नाही ती जरा अलीकडे ओढली. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा ओढली. अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं.

रविवारी ड्रायव्हरच्या मुलीने त्याला दारापर्यंत सोडलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काका एकदम गप्प. पाणी देतानासुद्धा ग्लास नुसता हातात ठेवला.

ड्रायव्हरने खुर्ची ओढली, तळवे टेबलाच्या कडेवर ठेवले आणि तिथून बोटं सावकाश आत गेली. एखाद्या झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरावीत तशी.

"नदी. गार लागतेय. हा रस्ता. हे..." बोटं थांबली. "लेका, घासणी आहे ही! वहिनी, तुमची घासणी!"

"नवी आहे हो," काकू आतून म्हणाली.

टेकडीवर तो कितीतरी वेळ रेंगाळला. थर मोजले, माथ्यावर एक सैनिक ठेवला, टिचकी मारली. पडला नाही. काकांचा श्वास मला ऐकू येत होता.

मग ड्रायव्हर उठला. टेबलाची कड धरून पलीकडे गेला आणि तिथून हात आत घातले. हात फिरत राहिले. खाली नुसतं टेबल होतं.

"बाजू मी निवडायची ना?"

काकांनी हुंकार दिला.

"मग ही पलीकडची."

"तिकडे आडोसाच नाहीये!" काकांच्या तोंडून निघून गेलं.



"ते मला कळलं," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "टेकडी, जंगल, सगळं माझ्या खुर्चीपुढे. तुझ्याकडे माळरान. म्हणजे आज मला जिंकवून घरी पाठवायचं होतं. काठी कुठेय माझी?"

"अरे, तसं नाही."

"काठी दे."

"तुझ्या खुर्चीत बसून मांडलं मी!" काकांचा आवाज चढला. "डोळे मिटून. जिथवर हात पोचला तिथवर आलं सगळं. बाजूचं डोक्यातच आलं नाही. शपथ."

ड्रायव्हर काठीसाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून उभा राहिला.

"किती वेळ बसला होतास?"

"अंधार पडेपर्यंत."

"आणि एकदाही उठून इकडे आला नाहीस?"

"नाही."

"लिफ्टवाल्या, मी आंधळा झालोय. पांगळा नाही."

 काका टेबलावरची झाडं उगाच सरळ करत राहिले, सरळच असलेली.

"उचल सगळं," ड्रायव्हर म्हणाला. "एकेक माझ्या हातात दे. मैदान मी मांडतो, बाजू तू निवड."

मग तो टेबलाभोवती फिरू लागला. एक तळवा कडेवर, दुसऱ्या हातात कधी जंगल, कधी रस्ता. ठेवायचा, वळसा घालून समोरून चाचपायचा, वीतभर सरकवायचा. नांगरलेलं शेत त्याने ओढ्याच्या दोन्ही काठांना कापून घातलं. त्यासाठी काकूची कात्री आणि पायपुसण्याचा अर्धा भाग गेला. टेकडी त्याने अगदी एका अंगाला ठेवली.

"तिथे?" काका म्हणाले.

"बोलायचं नाही ठरलंय."

काकांनी दोन्हीकडून वाकून पाहिलं, खाली बसून पाहिलं, आणि खिडकीकडची बाजू घेतली. तोफा मांडल्या. जेमतेम दोन चाली झाल्या तोवर ड्रायव्हरची मुलगी न्यायला आली. तो दारात वळून म्हणाला, "वहिनी, यातलं काही हलवायचं नाही. पुढच्या रविवारी इथूनच सुरू."

"आणि आठवडाभर जेवायचं कुठे आम्ही?"

"त्याला विचारा. खिडकीकडची बाजू त्याने घेतलीय."

आम्ही ताटं मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो. काकांनी एक घास खाल्ला आणि उठले. तोफांच्या मागे हनुवटी टेबलाला टेकवून त्यांनी पाहिलं. ती टेकडी अशा जागी होती की त्यांच्या एकाही तोफेला पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"जेवा आधी," काकू म्हणाली.

"जेवतोय ना," काका म्हणाले, आणि ताट उचलून टेबलाच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला गेले.