रात्रभर उभ्या गाडीचं गरम चाक

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी घाबरट माणूस आहे. पण माझी भीती सगळी लोखंडाची. ब्रेक लागेल का, टायर टिकेल का, समोरून येणारा ट्रक वळणावर आपली बाजू सोडेल का... असली. भुताखेतांची भीती मला कधी वाटलीच नाही. आमच्या गावाकडे, हिंगोली जिल्ह्यात, पारावर कुणी चकव्याची गोष्ट सुरू केली की मी चपला घालून घरी निघायचो. आणि आज मीच असलं काहीतरी लिहायला बसलोय. आठवीत शाळा सुटली माझी, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मी नाशिकला पेठ रोडवर राहतो. मंदाताईंची एक प्रवासी व्हॅन आहे, ती मी चालवतो. द्राक्षाच्या हंगामात काम ठरलेलं असतं. पहाटे रिकामी गाडी घेऊन करंजाळीच्या बाजूला जायचं, पाड्यांवरच्या बायका घ्यायच्या आणि घाटातून परत येऊन त्यांना नाशिकजवळच्या पॅकहाउसवर सोडायचं. दिवसभर त्या द्राक्षं निवडून पेट्या भरतात. संध्याकाळी पुन्हा नेऊन सोडायच्या.

ताईंकडे मी आलो तेव्हा हातात एक पिशवी आणि नवं कोरं लायसन होतं. इथे ओळखीचं कुणी नाही. ताईंचे यजमान, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्यांनी मला घाटात एक फेरी मारायला लावली आणि म्हणाले, "हात थरथरतायत तुझे. चालेल. ज्याचे थरथरत नाहीत, त्याला मी गाडी देत नाही." शेडच्या मागची खोली दिली. जेवण ताईंच्या घरचंच. गावाकडे आई-बापाला मी तोंड दाखवू शकतो ते या दोघांमुळे, हे मी विसरलेलो नाही.

गाडी कशी सांभाळायची ते सगळं आण्णांनी शिकवलं. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायचं नाही, इंजिनलाच गाडी धरू दे. सकाळी पाणी, ऑइल, ब्रेक ऑइलची बाटली, टायरची हवा बघ. आणि एक सवय त्यांची खास होती. घाट उतरला की गाडी बाजूला घ्यायची आणि चारही चाकांच्या मधल्या लोखंडाला हात लावून बघायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर समजायचं की तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय.

"तळहात नाही लावायचा," ते म्हणायचे. "तळहात भाजला तर स्टेअरिंग कशानं धरशील? हाताची मागची बाजू लाव."

दोन वर्षांपूर्वी आण्णा तापाच्या आजारपणात गेले. सवय माझ्याकडे राहिली. मी तर त्यात भर घातली. घाट उतरल्यावर तर हात लावतोच, पण सकाळी निघायच्या आधीसुद्धा लावतो. सकाळी चाकं गारच असणार, हे मलाही कळतं. पण नाही लावला तर दिवसभर चुकल्यासारखं होतं. बायका हसतात. त्यांच्यात सोनाबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत, सगळ्या त्यांचं ऐकतात. त्या खिडकीतून ओरडतात, "काय रं बालाजी, चारी चाकांच्या पाया पडलास का? एक ऱ्हायलं असंल तं बघ, रुसायचं!"

तर गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच असेल. पहाटे काचेवर दव इतकं असतं की फडकं पिळून काढावं लागतं. त्या दिवशी नेहमीसारखा मी फेरी मारत होतो. पुढची दोन्ही चाकं बर्फासारखी. मागचं उजवं तसंच. मागच्या डाव्याला हात लावला... आणि पटकन मागे घेतला.

गरम होतं.

भाजेल इतकं नाही. पण बाकीच्या तीन चाकांवर हात ठेवून इथे ठेवला की स्पष्ट कळत होतं. गाडी आदल्या संध्याकाळपासून जागची हलली नव्हती. चावी माझ्या उशाशी. बोनेटला हात लावला, गार. सायलेन्सर गार. मीटरचा आकडा तोच.

मी तसाच गाडी घेऊन निघालो, पण घाटातून परत येताना जीव मुठीत होता. बायकांना सोडलं आणि सरळ अन्वरभाईंच्या गॅरेजवर गेलो. अन्वरभाई आण्णांच्या वेळेपासूनचे आमचे मेकॅनिक. त्यांनी जॅक लावून चाक फिरवलं. मोकळं फिरत होतं. चाक काढलं, ड्रम काढला. लायनर चांगले, बेअरिंगला ग्रीस व्यवस्थित.

"ब्रेक चिकटला तर चाक चालताना तापतं रे," ते म्हणाले. "उभ्या गाडीचं काय तापणार? कुत्रं झोपलं असेल टेकून. थंडीचं ते पण जागा शोधतंच ना."

मला पटलं. खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं! कुत्रं! आपल्याला कसं नाही सुचलं?

दुसऱ्या दिवशी चाक गार. त्यानंतरही एक-दोन दिवस गार. मग पुन्हा गरम. तेच चाक.

मी गाडी उलटी लावून बघितली, डावी बाजू भिंतीला अगदी चिकटून, कुत्रं सोडा मांजरही जाणार नाही अशी. पहाटे गाडी जरा पुढे घेऊन हात लावला. गरम. पुन्हा अन्वरभाईंकडे. पुन्हा चाक उघडलं, पुन्हा काही नाही. त्या दिवशी मी गाडी आधी गॅरेजवर नेली होती, त्यामुळे बायकांना घ्यायला उशीर झाला. पॅकहाउसच्या सुपरवायझरने ताईंना फोन केला. मी शेजारीच उभा होतो, फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, माझा माल थांबतो. तुमचा ड्रायव्हर चाकं चोळत बसतो म्हणे? पुन्हा उशीर झाला तर मी दुसरी गाडी लावतो. मग नावं ठेवू नका."

ताईंनी फोन ठेवला. मला जेवायला वाढायला घेतलं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. हीच एक गाडी. हेच एक काम. त्यांचं घर त्याच्यावर आणि माझंही.

त्या संध्याकाळी मी गाडी शेडमध्ये आत घेतली. एरवी आम्ही शेडमध्ये सामान ठेवायचो, ते सगळं बाहेर काढलं. शटर ओढलं, कुलूप घातलं. मनाशी ठरवलं, उद्या काहीही लागलं हाताला तरी गाडी वेळेवर न्यायची. अन्वरभाईंनी दोनदा बघितलंय. मला काय त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?

पहाटे कुलूप काढलं. शटर वर केलं. मी पहिल्यांदा सरळ त्याच चाकापाशी गेलो.

आजवर कधी नव्हतं इतकं गरम. आणि त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी आधीच कळायला हवी होती. ब्रेकचं गरम वेगळं असतं. ते कोरडं असतं, त्याला जळका वास असतो. याला वास नव्हता. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर लागतं ना... तसं ते होतं.

मी तिथेच चाकाजवळ बसलो. डोक्यात दोनच गोष्टी. नेली नाही तर काम गेलं, ताईंची गाडी दारात उभी राहणार, तीही माझ्या वेडापायी. नेली आणि घाटात काही झालं तर? मागे सोनाबाई, त्यांची सून, बाकीच्या सगळ्या... गाणी म्हणत येतात त्या घाटातून.

"काय झालं?"

ताई दारात उभ्या होत्या, अंगावर शाल घेऊन. शटरचा आवाज ऐकून आल्या असतील.

"काही नाही ताई. निघतोच."

"बालाजी, काय झालं?"

मी सांगितलं. ताई आत आल्या, वाकल्या आणि चाकावर हात ठेवला. तळहात.

"ताई, तळहात नको," माझ्या तोंडून सवयीने गेलं.

"भाजत नाही," त्या म्हणाल्या.

हात त्यांनी लगेच काढला नाही. किती वेळ ठेवला कुणास ठाऊक. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं, कारण तो चेहरा बघायचा माझा हक्क नव्हता.

मग त्या उठल्या. "आज गाडी काढू नको."

"ताई, काम जाईल. मी हळू नेतो, सेकंडमध्येच आणतो..."

"काढू नको म्हटलं ना."

सुपरवायझरला फोन त्यांनी केला. त्याने काय ऐकवायचं ते ऐकवलं. मी सोनाबाईंना फोन लावला. त्या पाड्यावरून रस्त्यापर्यंत येऊन शेकोटी करून बसल्या होत्या.

"मावशी, आज गाडी येत नाही."

"का रं?"

काय सांगणार? "चाक गरम लागतंय, मावशी."

मला वाटलं हसतील. त्यांनी शेकोटीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ताप आलाय म्हण की गाडीला. मंग निजू दे तिला. तापाच्या अंगानं कुणी जुंपतं काय जनावराला? आमी जातो घरी."

गॅरेज उघडल्यावर गाडी नेली, रिकामी, सपाट रस्त्याने, रांगत. ताई शेजारी बसल्या होत्या. अन्वरभाईंनी मला बघून कपाळाला हात लावला.

"आलं! अरे, निकाह लावून देऊ का तुझा या चाकाशी? म्हणजे एकदाचा घरी बसशील."

ताईंना बघून ते जॅक आणायला वळले. चाक उघडलं. सगळं ठीक. हात लावला तर त्यांनाही आता गारच लागलं. परत बसवलं, नट आवळले. पण वैतागले होते बिचारे. म्हणाले, "तुझी खात्रीच करून देतो." सीटवर बसून त्यांनी इंजिन चालू केलं आणि पाय आपटून ब्रेक मारायला लागले. "हे बघ ब्रेक! लागतो का? हे बघ! आणखी बघ..."

आणि एकदम त्यांचा पाय खाली गेला. पार तळाला.

मागच्या बाजूला जमिनीवर काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. मी वाकून बघितलं. डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची पाइप फुटली होती. एक्सलला ती जिथे क्लिपने पकडलेली असते, बरोबर त्या क्लिपच्या आत गंजून कागदासारखी झाली होती. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. सकाळपर्यंत बाटलीतलं ऑइल एका थेंबानेही कमी झालेलं नव्हतं. मी रोज बघत होतो.

अन्वरभाई खाली उतरले, हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होते.

"पुढचे ब्रेक राहिले असते," ते म्हणाले. "थांबलीही असती गाडी. कदाचित. पण भरलेली गाडी, उतार, त्यात वळणावर जोरात ब्रेक मारायची वेळ आली असती तर..."

"पण चाक का गरम होत होतं, अन्वरभाई?" मी विचारलं. "पाइप गंजली तर चाक तापतं का?"

"नाही."

"उभ्या गाडीचं?"

"नाही रे बाबा. कुठल्याच गाडीचं नाही." मग हळूच ताईंकडे बघून म्हणाले, "मला नका विचारू."

नवीन पाइप टाकली. दुसरीकडचीही बदलून घेतली. त्या दिवसापासून ते चाक सकाळी कधी गरम लागलेलं नाही.

काम गेलंच होतं. सुपरवायझरने दुसरी गाडी लावली. ते दिवस कसे गेले ते आठवायलाही नको वाटतं. मी ताईंना म्हटलं, मी गावाकडे जातो, माझं जेवण तरी वाचेल. त्या म्हणाल्या, "भाकरी गार होतेय, बस." मग एक दिवस सोनाबाईंनीच पॅकहाउसमध्ये जाऊन सांगितलं म्हणे, तो नवा डायवर घाटात गाडी न्यूट्रल करतो, आमाला आमचा घाबरट पाठवा, नाय तं आमी येत नाय. हंगाम भरात होता, हात हवे होते. दुसऱ्याच दिवशी ताईंना फोन आला.

ताईंना मी त्या पहाटेबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच झालंय की आण्णांची जुनी शाल, जी कपाटात असायची, ती आता थंडीत रात्री शेडमध्ये गाडीच्या बोनेटवर टाकलेली असते. मी सकाळी घडी करून त्यांच्या हातात देतो.

तुमच्यापैकी कुणी मेकॅनिक असेल, इंजिनिअर असेल, तर सांगा. मनापासून विचारतोय. मी ओळखीच्या दोघा-तिघांना विचारलं, कुणी कुत्र्यावर येतं, कुणी माझ्या डोक्यावर. कुलूप घातलेल्या शेडचं कुणी बोलत नाही.

मी अजून रोज पहाटे फेरी मारतो. तीन चाकांना हाताची मागची बाजू लावतो. मागच्या डाव्याला तळहात. ते गार लागलं की निघतो. पण घाटाच्या पहिल्या वळणावर रोज एकच गोष्ट मनात येते. गार म्हणजे सगळं ठीक आहे म्हणून गार... की सांगणारं आता कुणी राहिलं नाही म्हणून?