अंजिराला खिसे

नागाने माझ्या उजव्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी दंश केला, तेव्हा हरदेवी दात घासत होती. मी ओरडले नाही. "हरदेवी, साप," एवढंच म्हटलं. ती ब्रश तोंडात तसाच ठेवून आली. अंजिराच्या बुडाशी जाळीच्या गुंत्यात फणा काढून बसलेला नाग तिने पाहिला, माझ्या हातावरचे दोन ठिपके पाहिले, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "बैठ जा. अब ये हाथ तेरा नहीं, मेरा है. हिलाना मत."

जाळी माझी होती, ते आधीच सांगून टाकते. झाड तिचं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये बराकीत आमच्या खोल्यांची भिंत एकच. मी बदलापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन तिथे आले, तेव्हा हरदेवी आधीपासून होती. सिंधी, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी. नवरा एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता, तो लवकर गेला. एकच मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. पहिल्याच दिवशी मी मागच्या दाराने बाहेर पाहिलं, तर नाल्याच्या बाजूच्या पट्टीत छपराएवढं झाड आणि झाडाला पांढरे कापडी खिसे लटकलेले. मला वाटलं, बाई नवस फेडतेय.

"हे काय गं?" मी विचारलं.

"जीन्स का खिसा है, अदी." अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. "पँट में था तब इसमें पैसा नहीं टिकता था. अभी अंजीर टिकता है."

आमच्या भागात जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली. आम्ही दोघी धागा कटिंग घरी आणायचो. शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते दोरे छोट्या कटरने कापायचे. बिघडलेल्या पँटींचे आतले खिसे कारखानेवाले फेकायचे, ते हरदेवी गोळा करायची. धुवायची, तोंडाला दोरा ओवायची. अंजिराचा रंग पालटायला लागला की एकेका फळाला एकेक खिसा चढवून दोरा ओढायचा. बुलबुल चोच मारून बघायचे, कोकीळ फांदीवर बसून रागावायची, तांबट तर दिवसभर ठोकत असायचा. खिशातलं फळ कोणाला मिळायचं नाही. प्लास्टिकची पिशवी मी एकदा लावून पाहिली. आत घाम धरून फळ सडलं. हरदेवी म्हणाली, "तेरे को प्लास्टिक में बांधूं? देखती है, कितने दिन टिकती है."

ती असंच बोलायची. गोड बोलणं तिला जमायचं नाही, मलाही नाही, म्हणून आमचं जमलं. पावसाळा संपला की ती झाड छाटायची, इतकं की नुसते खुंट उरायचे. मी ओरडायचे, मेलं गं झाड! ती म्हणायची, "पुरानी लकड़ी खाली छाया देती है. छाया चाहिए तो छत्री ले." नव्या फुटीवर अंजिरं लगडायची. पिकलं कधी, तेही तिनेच शिकवलं. अंजिराने मान टाकली की तोडायचं. मान ताठ असताना हात लावला तर देठातून दुधासारखा चीक गळतो आणि बोटांची आग होते. पाखराने फोडलेलं फळ मी काढून टाकायला जायचे, तर हातावर फटका मारायची. "रहने दे. ये खत्म नहीं होगा तब तक दूसरा नहीं फोड़ेंगे. इनको भी मालूम है, खुला डब्बा पहले खाने का."

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी मी पाहिलं, तिने चार खिसे चढवले होते, त्यातला एक वाळक्या पानावर होता. मी पोट धरून हसले.

"हस, हस," ती म्हणाली. "पान को भी पाखरू नहीं खाया ना? मेरा खिसा पक्का है."

पण त्या वर्षी निम्मी अंजिरं पाखरांनी खाल्ली. मी बाजारातून नायलॉनची जाळी आणली. झाडावर एकदाच टाकायची, खिसे शिवायला नको, चढवायला नको. हरदेवीला ती पहिल्यापासून पटली नाही.

"जाळी को आंख नहीं है. किसको पकड़ती है, उसको खुद को पता नहीं."

"तुला तरी कुठे आहेत डोळे?" मी म्हटलं.

ती उठून आत गेली. लागलं असणार. पण मी जाळी टाकली. झाडाला पुरून बरीच उरली, ती मी तशीच बुडाशी गोळा करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यात एक बुलबुल अडकून मेला. हरदेवीने धागा कटिंगच्या कटरने त्याला एकेक दोरा कापून सोडवला आणि नाल्यापलीकडे पुरला. आत आली आणि म्हणाली, "जमीनवाली जाळी काट दे, अदी."

"नवीकोरी जाळी आहे. पुढे कामाला येईल."

तीन दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं. तिने दोनदा सांगितलं आणि मी दोनदा ऐकलं नाही, हे तेव्हाच्या माझ्या अकलेचं माप. चौथ्या दिवशी सकाळी त्या गुंत्यात पालापाचोळा साठलेला दिसला, म्हणून मी तो झटकायला हात घातला.

हरदेवीने मला भिंतीशी बसवलं. बराकीतली माणसं जमली. एकाने काठी आणली, एकीने नाडी आणली, हात करकचून बांधायला. शेजारचा म्हातारा म्हणाला, अंबरनाथला एक जण मंत्र टाकतो.

"उसका मंत्र उसके पास रहने दो," हरदेवी म्हणाली. "बांधायचं नाय. कापायचं नाय. मेरा आदमी कंपाउंडर था, मेरे को मालूम है." तिने पँटीचा एक कापलेला पाय घेतला, माझ्या हाताला लाकडी पट्टी लावली आणि त्या पायाची झोळी करून हात तिच्यात ठेवला. मग माझ्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि वरवंटा मागवला.

"बांगड्या फोडू नको," मी म्हटलं. "हे जिवंत आहेत."

"वो जिंदा हैं, अच्छी बात है. तू भी रह." आणि तिने एकेक बांगडी काचेचा कण न लागू देता फोडली. हात सुजणार हे तिला माहीत होतं. आमचे हे काठी घेऊन नागाकडे निघाले होते, त्यांना तिने जाग्यावरून हाक मारली, "भाऊ, काठी ठेव! एक को काटा, बस हुआ. सर्पमित्राला फोन लाव, आणि तुम्ही इथेच थांबा."

कोपऱ्यावर शेअर रिक्षा भरून उभी होती, एमआयडीसीच्या पाळीचे तीन कामगार. हरदेवी समोर जाऊन उभी राहिली. "उतरो. कंपनी भाग नहीं जाएगी, बाई भाग जाएगी." तिघेही उतरले. एकाने मला उचलून आत बसवलं.

रिक्षात माझ्या पापण्या जड व्हायला लागल्या. जीभ वळेना. हरदेवीने मला झोपू दिलं नाही. देवाचं नाव घेतलं नाही, धीर दिला नाही. भांडण काढलं.

"तेरी बहू की भाकरी तेरे से अच्छी है."

"खोटं," मी कसंबसं म्हटलं.

"सब बोलते हैं. आणि तुझं कालवण पाणी. डाल धोया हुआ पानी."

मी शिवी दिली, निम्मीच बाहेर आली. ती म्हणाली, "पूरी दे, पूरी!" मी पुरी दिली. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला, तर त्यालाही ऐकवलं, "आगे देख, तेरे को नहीं दी."

सरकारी दवाखान्यात बाटल्या लागल्या. डोळे मिटले ते उघडेचनात. ऐकू सगळं येत होतं. बोलता येत नव्हतं, श्वास आखडत होता. नळी घालावी लागेल, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मग एका बोटाने कोणीतरी माझी पापणी वर केली. समोर हरदेवी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी अगदी जवळून बघत. "मैं इधर है. तू इधर है. गिनती बराबर." पापणी सोडली. दर थोड्या वेळाने ती हेच करत राहिली, डॉक्टर तिच्यावर ओरडेपर्यंत आणि त्यानंतरही.

पाच दिवसांनी मी घरी आले. सर्पमित्राने जाळी कापून नागाला बदलापूरच्या पलीकडे रानात नेऊन सोडल्याचं कळलं. हरदेवीने उरलेली जाळी माझ्यापुढे टाकली आणि कटर माझ्या डाव्या हातात दिला. "काट." सगळी संपायला दोन दुपारी लागल्या. ती शेजारी बसून खिशांना दोरे ओवत होती. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिने तेव्हा काढलं नाही, पुढेही कधी नाही. ते मला जाळीपेक्षा जड गेलं. मी म्हटलं, "डोळ्यांवरून बोलले, ते चुकलं माझं." ती म्हणाली, "बोल कम, काट ज्यादा."

त्याच महिन्यात मी तिला धरून डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं. पट्टी सुटल्यावर ती आधी झाडाखाली गेली, मी चढवलेले खिसे वर तोंड करून पाहिले आणि म्हणाली, "गाठ ढीली है." सगळ्या गाठी पुन्हा मारल्या.

गेल्या पावसाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. तीन दिवस आजारी होती. मुलगी आली, खोली विकली. नव्या मालकाला झाड नको होतं, कचरा होतो म्हणाला. मी त्याला पिकलेली चार अंजिरं नेऊन दिली, आता तो काही बोलत नाही. छाटणी मी करते, खुंट राहीपर्यंत. खिसे मी चढवते. अंगठ्याला अजून नीट जोर येत नाही, म्हणून गाठ दातांनी ओढते.

त्या जाळीत तिघे सापडलो. बुलबुल मेला. नाग जगला. मी जगले.