घर आपलंच समजा!

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकदा पंधरा दिवसांत नऊ परदेशी पाहुणे राहून गेले. त्यांतल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो.

चूक माझीच. नव्वदचं दशक संपत आलेलं, स्टेशनजवळ सायबर कॅफे निघालेलं, आणि तिथे बसून मी प्रवाशांच्या एका ग्रुपवर जगाला सल्ले द्यायचो. (स्वतः लोणावळ्याच्या पलीकडे गेलो नव्हतो!) एका बेल्जियन जोडप्याने विचारलं, मुंबईतली हॉटेलं महाग, काय करावं? मी ऐटीत लिहिलं, "डोंबिवलीला या. घर आपलंच समजा!"

त्यांनी समजलं की हो!

माझी बायको संध्या तेव्हा गणपतीपुळ्याच्या बॅगा भरत होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी आमची ही पहिली सहल.

"अहो, दारात कोण हे?"

"दोनच दिवस गं."

"आणि उद्याची एसटी?"

"पुढच्या आठवड्याची काढू!"

जोडपं गेलं आणि ग्रुपवर संध्याच्या पोळ्यांचं कौतुक लिहून मोकळं झालं. ते वाचून तीन इस्रायली आले. त्यांनी आमटीबद्दल लिहिलं, तर चार जर्मन आले! त्यातच पाच कॅनेडियनांनी कळवलं, निघतोय. नवव्या पाहुण्याचं ताट वाढून संध्या भिंतीला टेकून बसली. "थकले हो मी," एवढंच म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तडक कॅफेत गेलो आणि खोट्या नावाने आमच्याच घराची बदनामी केली. पाणी एक दिवसाआड, डास भयंकर, आणि यजमान जेवताना सारखा लेक्चर देतो!

दोन दिवसांत उत्तरं आली. "पाणी? भरपूर होतं!" बेल्जियन म्हणाले. "डास? एकही नाही!" इस्रायली म्हणाले. माझं अवसानच गळालं. तिसऱ्या मुद्द्यावर मात्र नऊच्या नऊ जणांचं एकमत! एका जर्मनाने तर लिहिलेलं, "आम्ही सभ्यपणे गप्प होतो. शक्यतो हे घर टाळा."

कॅनेडियन मुकाट्याने महागड्या हॉटेलात उतरले. ती उत्तरं मी संध्याला वाचून दाखवली. तिने लगेच बॅगा बाहेर काढल्या.

गणपतीपुळ्याला ती वाळूत पाय पसरून निवांत बसली. इतकं शांत मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. मी जवळ बसलो आणि भरती-ओहोटीमागचं शास्त्र समजावू लागलो.

समुद्रावरची नजर न हलवता ती म्हणाली, "अहो, त्या नऊ जणांत माझंही नाव घाला."