मागची खोली

"मॅडम, जरा नाक घेऊन या!"

भिंतीपलीकडून अशी हाक आली की मी हातातलं काम टाकून निघायचे. हाक मारणारे काका धामणगाव बढ्यातले आमचे शेजारी. आयुष्यभर त्यांनी कीटकनाशकं विकली. दुकान बाजारात, पण जादा माल घराच्या मागच्या खोलीत. त्या वासात इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं स्वतःचं नाक कामातून गेलं होतं. काकू गेल्यावर स्वयंपाक ते करू लागले आणि भाजी करपल्याचं त्यांना माझ्याकडून कळू लागलं.

दुकान बंद केलं त्याच वर्षी मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. घरात खोल्या दोनच. काकांनी मागची खोली तिच्यासाठी साफ करायला घेतली.

मी मदत म्हणून झाडू घेऊन गेले, तर त्यांनी दारातच अडवलं.

"झाडू नोका आणू. धूळ उडली का सारी छातीत जाते."

खिडक्या सताड उघड्या. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, पायात गमबूट अशा थाटात उकिडवे बसून ते ओल्या फडक्याने फरशी पुसत होते. साबणाचं पाणी, मग साधं, पुन्हा साबणाचं. फडकी पिशवीत बांधून वेगळी. अंगावरचे कपडेही वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायचे. मला मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नसत.

"तुमी तिथूनच सांगा. वास येऊन राह्यला का?"

"येतो, काका."

की पुन्हा बादली भरायची.

रॅकच्या जुन्या फळ्या त्यांनी काढल्या, तेव्हा पलीकडच्या आजी मागायला आल्या. "दे न बापू. पाणी तापवाले होतीन."

"नाही माय. ह्यायचा धूर तुह्याच घरात भरीन." आजी आठवडाभर बोलल्या नाहीत.

एका कोपऱ्यात कधीकाळी डबा गळून औषध फरशीत मुरलं होतं. तिथला वास काही हटेना. मुलगी यायची वेळ झाली. त्यांची ओढाताण बघवेना, म्हणून मी म्हटलं, "आता फारसा नाही."

त्यांनी मास्क खाली केला. "फारसा नाही म्हंजे हाय."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं. स्वतःची खोली मुलीला दिली आणि आपली खाट ओसरीत टाकली. मुलीनं विचारलं, "काऊन बाबा, बाहेर काऊन?"

"मले हवा लागते," ते म्हणाले. थंडीचे दिवस होते.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरात दुसरी माणसं राहतात. पण बाळ घरी आलं ती सकाळ मला अजून दिसते.

काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. तरी बाळाला घेईनात. "माह्ये हात दवाईचे हायत, बाई."

"किती धुसान अजून?" म्हणत मुलीनं बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काकांनी दोन्ही हात वर उचलले आणि तसेच अधांतरी धरून बसले. कोणी हसलं नाही. बऱ्याच वेळानं हात भरून आले, तसा एक हात हळूच खाली आला आणि बाळाच्या पायाशी, दुपट्याच्या कडेवर टेकला.