ओटीपी येईपर्यंत

संस्थेच्या पंडरीतल्या ऑफिसात बसून मी कॅम्पमधल्या गरोदर बायका बघते. म्हणजे त्यांची नावं, महिने आणि घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका दीदींनी दिलेल्या भेटींच्या नोंदी. निर्वासितांना तिथे वसवून दोन पिढ्या झाल्या, तरी सगळे त्या वस्तीला कॅम्पच म्हणतात.

काही दीदी घरी बसूनच भेटी भरतात, हे मीच शोधलं होतं. समोर बोलणं मला जमत नाही, म्हणून छान इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. मग नियम आला. बाईच्या घरच्या फोनवर ओटीपी जाईल, तो टाकल्याशिवाय भेट धरायची नाही. आणि भेट धरल्याशिवाय दवाखान्यात न्यायला संस्थेची गाडी सोडायची नाही.

त्या दुपारी एका दीदीचा फोन आला. ती मूळ नागपूरकडची, माझ्याशी मराठीतच बोलते.

"आठवा महिना आहे, बीपी भल्ली वाढून राहिली. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते. गाडी पाठव."

"दीदी, ओटीपी?"

"नवऱ्याच्या फोनवर गेला. तो कामावर, उरल्याच्या फॅक्टरीत. फोन गेटवरच जमा करून घेतात त्यायचे."

"बिना ओटीपी के नहीं होगा, दीदी." घाबरले की माझ्या तोंडून हिंदीच निघते.

"मी तिच्याजवळच बसून आहो ना! काहून, तुमच्या कॉम्प्युटरले माणूस दिसत नाही का?"

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "एकीसाठी नियम मोडला, तर उद्या सगळ्या मागतील. तुमचाच तर रिपोर्ट आहे."

मी "यस सर" म्हणाले आणि बाहेर आले.

त्या बाईच्या नवऱ्याला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. शेवटी दीदी फोनवर म्हणाली, "राहू दे पोरी, मी ऑटो पाहते." त्यानंतर तिचाही फोन लागेना.

सहा वाजून गेल्यावर नवऱ्याने फोन केला. शिफ्ट सुटली होती, मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"मॅडम, इतने मिस कॉल? वो नंबर चाहिए क्या?" मी काही बोलायच्या आत त्याने सावकाश सहा आकडे वाचून दाखवले. तो ओटीपी केव्हाच बाद झाला होता. तरी मी लिहून घेतला.

मग म्हणाले, "भैया, आप हॉस्पिटल जाइए. दीदी उनको लेकर गई है."

"कौन सा हॉस्पिटल?"

ते मला माहीत नव्हतं. फोन न ठेवता तो तसाच थांबला. मी टेबलावरच्या दुसऱ्या फोनवरून दीदीचा नंबर लावत राहिले.