आत्याने सोडवलेली बाई

जगात कुणालाही अटक झाली की झोप उडणारी माणसं दोनच, एक त्याचा वकील आणि दुसरी मुरबाडकडच्या पाड्यावर राहणारी माझी आत्या. तरुणपणी ती जंगलजमिनीच्या मोर्च्यांत सगळ्यांच्या पुढे असायची. तो आवाज काही खाली आलाच नाही; शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायला गेली तरी दारात मोर्चा आल्यासारखं वाटतं. वाचनाचं वेडही त्या मोर्च्यांतच लागलं. म्हणून शहापूरच्या पुस्तक प्रदर्शनातून मी तिला अमेरिकेतल्या एका काळ्या कार्यकर्तीचं आत्मचरित्र आणून दिलं, मराठीत आलेलं. त्या बाईला खोट्या आरोपावरून तुरुंगात डांबलं होतं. मुखपृष्ठावरचे तिचे भरघोस कुरळे केस बघून आत्याला पहिली काळजी पडली, "एवढ्या केसांना तुरुंगात तेल कोण देत आसंल रे?" मग चुलीपुढे वाचन सुरू झालं. सरकारी वकिलाने तोंड उघडलं की आत्या त्याला शिव्या मोजायची आणि तव्यावर भाकरी करपायची. ताटात काळी भाकरी आली की आम्ही समजायचो, आज कोर्टाची तारीख होती.

निकालाचं प्रकरण आलं आणि तिने पुस्तक मिटून कणगीवर ठेवलं. म्हसा गावच्या जत्रेत नवस बोलल्याशिवाय पान उलटायचं नाही. मी म्हणालो, "आत्या, तो निकाल माझ्या जन्माआधीच लागलाय."

"लागला आसंल. मी कुठं वाचलाय अजून?"

जत्रेत ती नवस बोलून देवळाबाहेर आली. फेडायचा नारळ आधीच पिशवीत होता, देवाला पळवाट नको म्हणून. घोंगड्यांच्या दुकानाच्या कडेला बसून तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचलं, बाई निर्दोष सुटली. आत्याने पदर डोळ्यांना लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"तुझ्या बापाच्या टायमाला मी नवस बोललेच नाय रे."

माझे वडील, तिचा थोरला भाऊ, त्याच मोर्च्यांत पकडले गेले होते. देवाला यात आणू नकोस, असं त्यांनी तिला बजावलं होतं आणि तिने त्यांचं ऐकलं. ते तुरुंगातून आजारी होऊन आले आणि अंथरुणावरून उठलेच नाहीत. इतकी वर्षं ती हे एकटीने वागवत होती. मला भडभडून आलं. मी नारळ फोडायला उठलो.

यंदा तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय. मी म्हटलं, ती सुटली ना? "पयल्या पानावर ती आतच हाय ना रे," आत्या म्हणाली. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचतो आणि ती भाकरी करपवते. देवावर माझा वडलांइतकाच विश्वास, म्हणजे नाहीच. तरी परवा जत्रेला निघताना मी पिशवीत दोन नारळ ठेवले. पिशवी उचलताना आत्याला वजन जाणवलं. दुसरा कुणाचा, हे तिने विचारलं नाही.